भर मोंढ्यातलं शरणु

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात उदगीरचा मोंढा ओस पडला होता. धान्यच नाही, तर तोलणार काय? माझं झेरॉक्सचं दुकान चन्नबसप्पांच्या आडतीला लागूनच. दुपारी ते गादीवर लोडाला टेकून बसत. मांडीवर लेकीनं पाठवलेला टॅब, डोळे अर्धे मिटलेले. समोर रस्त्यावर ऊन थरथरायचं आणि त्या थरथरीत मोंढा पुन्हा भरलाय असं वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

"केरबा, आज कोण कोण आलंय?" ते विचारत. आलंय म्हणजे मेल.

आमचा मेलवरचा एक ग्रुप होता. उदगीर नवा जिल्हा व्हावा म्हणून पुण्या-हैदराबादला गेलेल्या गाववाल्यांनी काढलेला, आणि गावात राहतो म्हणून सांभाळायला मी. जिल्ह्याचा अजून पत्ता नव्हता, पण कलेक्टर कचेरी किल्ल्याकडं की स्टेशनकडं, यावर शहाणीसुरती माणसं हातघाईवर यायची. दुष्काळ पडल्यावर टँकरचंही तिथंच ठरू लागलं. मी नियम घातले होते. एकट्याचं असेल ते एकट्यालाच लिहा. ज्याला उत्तर देताय तेवढंच खाली ठेवा, मागच्या मेलांचं शेपूट काढून टाका. राग आला तर आधी तांब्याभर पाणी प्या. पाण्याचीच बोंब होती म्हणून असेल, शेवटचा नियम कुणी पाळला नाही. आधीचेही नाहीत.

सगळ्यात जास्त छळ चन्नबसप्पांचा. कुणी मेलच्या सुरुवातीला नुसतं नमस्कार लिहिलं, की यांचं उत्तर साऱ्या ग्रुपला: शरणार्थी. त्यांच्या लिंगायत घरातली रीत अशी, की धाकट्यानं शरणु म्हणायचं आणि थोरल्यानं शरणार्थी. आलेलं शरणु रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. गादीवर ते शोभतं. इथं शिरूर अनंतपाळला टँकर कधी निघतोय हे शोधायला जावं, तर नुसती शरणार्थींची रांग. शेवटी पुण्याच्या एका इंजिनिअरनं मला लिहिलं, त्या म्हाताऱ्याला काढा, नाहीतर आम्ही निघतो.

मी तणतणत आडतीत गेलो. "आप्पा, बैलाचा भाव कसा करतात? रुमालाखाली, बोटं धरून. का बोंबलून? तसंच हाय हे. आता पुन्हा सगळ्यांना शरणार्थी पाठवलं तर मला तुमाला काढावं लागंल."

त्यांचा चेहरा पार उतरला. "तेवढं नको करू बाबा. तिथं मलप्पा हाय."

मलप्पा त्यांचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर दुकानाच्या वाटणीवरून दोघं याच मोंढ्यात, भर लिलावात, एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. मलप्पा हैदराबादला निघून गेला. मग ना फोन, ना लग्नकार्याला येणं. ग्रुपवर मात्र तो असायचा. टँकरचं बोलायचा, भावाचं नाव टाळून.

"धाकटा हाय, त्यानं आधी शरणु म्हणावं. मी वाट बघायलोय," चन्नबसप्पा म्हणाले. "सगळ्यांना शरणार्थी म्हणतो ते त्याला दिसावं म्हणून. की अण्णा अजून उत्तर देतो म्हणून."

आता यांच्यावर काय कप्पाळ रागवायचं? "मग त्या एकट्याला लिहा की. बटन मी दावतो. कुणाला कळणार न्हाई."

त्यांनी टॅब बाजूला सारला.

"मघा डोळा लागला तर ग्रुपवरले समदे आलते," ते हळूच म्हणाले. "गादीवर जागा न्हवती. मलप्पा तेवढा पायरीवर हुबा. म्हणलं, याला कुणी बस म्हणलं न्हाई का रे? तर समदे माझ्याकडंच बघायले."

मग त्यांनी टॅब पुढं ओढला. "भांडलो भर मोंढ्यात. आता रुमालाखाली कसं करू, केरबा?"

एका बोटानं त्यांनी लिहिलं: मलप्पा, शरणु. थोरला असून आधी त्यांनी म्हटलं, आणि पाठवलं सगळ्यांना. नियमानं मी त्यांना काढायला हवं होतं. नियम गेला खड्ड्यात.

आमच्या ग्रुपवर कुणी शिंकलं तरी दहा उत्तरं यायची. त्या दुपारी कुणी एक अक्षर लिहिलं नाही. वा वा नाही, अभिनंदन नाही. तो इंजिनिअरसुद्धा गप्प. कलेक्टर कचेरीही होती तिथंच थांबली. त्या भांडकुदळ लोकांचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

संध्याकाळ झाली तरी काही आलं नाही. चन्नबसप्पांनी दुकान उशिरा बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना टॅब वाजला. ते खिसे चाचपत म्हणाले, "चष्मा कुठं गेला की. तूच वाच." चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

मेल सगळ्यांना होता. शरणार्थी हा थोरल्याचा शब्द धाकट्यानं घेतला नव्हता, आपला धाकट्याचाच म्हटला होता: अण्णा, शरणु. आणि खाली, मागचं सगळं शेपूट काढून, ज्याला उत्तर होतं तेवढंच ठेवलं होतं: मलप्पा, शरणु.

चन्नबसप्पा लोड सोडून ताठ बसले. रिकाम्या पायरीकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "शरणार्थी!" मग माझ्याकडं वळून विचारलं, "हे एकट्यालाच पाठवायचं, न्हाई का?"

"न्हाई आप्पा," मी म्हणालो. "सगळ्यांना पाठवा."