चार डोळ्यांची साक्ष

नवसारीच्या केकोबादने आयुष्यात लग्न केलं नाही, पण कुत्र्यावाचून एक दिवस काढला नाही. कुत्रं लाडाचं नव्हे, कामाचं. दोन्ही डोळ्यांवर एकेक ठिपका, म्हणून चार डोळ्यांचं. आताच्याचं नाव जमादार. पारसी मोहल्ल्यात कुणी गेलं की केकोबादने त्याला प्रेताजवळ न्यायचं. ते निरखून गप्प उभं राहिलं तर माणूस खरंच गेला. शेपूट हलवली तर अजून धुगधुगी आहे. बापाने हे काम गळ्यात घातलं, ते पंच्याहत्तरीतही उतरलं नव्हतं.

समोरच्या दीनबाईला एकच धास्ती. "हे लोक मला जिवंतच उचलतील रे केकू! माझी झोप तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. तुझं घोरणं ऐकूनच गावातली गिधाडं पळाली."

"हस मेल्या! तुझ्या जमादारने बघितल्याशिवाय मला हलवायचं नाही. घे शपथ."

केकोबादने घेतली. तरुणपणी तिने दुसरी एखादी मागितली असती तर तीही घेतली असती, असं मोहल्ला म्हणायचा. तिने मागितली नाही आणि याची विचारायची छाती झाली नाही.

रोज सकाळी दीनबाई जमादारला चहात बुडवलेला पाव द्यायची, वर दोन शिव्या. केकोबादने तिच्यापासून एकच गोष्ट लपवली. जमादारला मोतीबिंदू झाला होता. चारांपैकी खरे दोन गेले होते, उरले होते ते ठिपके.

थंडीतल्या एका सकाळी दीनबाई उठली नाही. केकोबादनेच तिचे डोळे मिटले. मुंबईहून भाचा सरोश आला तो सुरतेच्या विजेच्या भट्टीची वेळ ठरवूनच. रीतीप्रमाणे प्रेत गिधाडांना द्यावं तर गिधाडं नाहीत, खांदेकरी नाहीत. करणार काय बिचारा?

"कुत्रं कशाला आता, केकूकाका?"

"तुझ्या मावशीचा शब्द आहे. दोन मिनिटं."

जमादार पांढऱ्या चादरीपाशी गेला. त्याने हुंगलं आणि शेपूट हलवायला लागला.

सरोशचा चेहरा पडला. घाईने वाकून त्याने मावशीच्या नाकाशी बोटं धरली. मग जमादारच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "गार पडलीय, काका. आणि हा तर आंधळा आहे!"

"आहे. पावाची वाट बघतोय. थांब, त्याला कळू दे."

"किती थांबू? भट्टीची वेळ जाईल."

केकोबाद गुडघे धरत खाली बसला, जमादारच्या कानाशी लागला. "पुरे, बाबा. गेली ती. आता नाही देणार." शेपूट थांबेना.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सरोशने आणि मोहल्ल्यात उरलेल्या तिघांनी दीनबाईला उचललं. केकोबाद आडवा आला नाही.

गाडी वळली तरी जमादार रिकाम्या फरशीकडे तोंड करून शेपूट हलवत होता. केकोबाद शेजारी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. तिचे डोळे त्याने स्वतः मिटले होते. पण शपथेच्या हिशेबाने त्यांनी दीनबाईला जिवंतच नेलं होतं.