जोनबाईंबरोबर वेस्टमिन्स्टरला

मेडनहेडच्या स्टेशनवर आम्ही दोघी लंडनच्या गाडीची वाट पाहत उभ्या होतो. मी साताऱ्याची, इतिहासाची शिक्षिका, लेकीकडे महिनाभर आलेली. जोनबाई तिच्या शेजारीण, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. २००३चा मार्च होता. इराकवर हल्ला होणार हे सगळे धरूनच चालले होते, आणि जोनबाईंचा नातू पीटर पलटणीबरोबर कुवेतच्या वाळवंटात होता.

त्यांना मला एक सभागृह दाखवायचं होतं. १९४६च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांची पहिली आमसभा तिथे भरली, तेव्हा तरुण जोनबाई तिथे टंकलेखिका होत्या. मी वर्षानुवर्षं तो धडा शिकवला होता. तिथे काम केलेलं माणूस मात्र पहिल्यांदाच भेटत होतं.

पॅडिंग्टनला आम्ही ट्यूबमध्ये (भुयारी रेल्वेत) बसलो, ती नेमकी उलट्या दिशेची. अख्ख्या लंडनला वळसा पडला. त्या उशिरात जोनबाई बोलत्या झाल्या. बाँबने पडलेल्या गल्ल्या, रेशनचं लोणी, कोळशाची टंचाई. बोटं उघडी टाकणारे हातमोजे घालून त्या टाइप करायच्या. त्यांचा भाऊ युद्धात बुडालेल्या जहाजावर होता. सभेला हिंदुस्थानची माणसं होती का, असं मी विचारलं. होती, म्हणाल्या, तुमचा देश आमच्या ताब्यात होता, आणि आम्ही राष्ट्रांच्या समानतेचे मसुदे टाइप करत होतो.

वेस्टमिन्स्टरला पार्लमेंटसमोर काही माणसं युद्धविरोधी फलक घेऊन गारठ्यात उभी होती. येणारेजाणारे त्यांच्याकडे बघतही नव्हते.

सभागृह त्या दिवशी कुठल्याशा कंपनीला भाड्याने दिलेलं होतं. दारावरच्या माणसाने भलेपणाने दार किलकिलं केलं. आत व्यासपीठावर विक्रीचे आलेख झळकत होते. जोनबाईंनी क्षणभर पाहिलं आणि त्याचे आभार मानले.

तळघरातल्या उपाहारगृहात चहा आणि स्कोन (जॅम लावून खायचा भुसभुशीत गोल पाव) घेतला. त्यांनी स्कोनला हात लावला नाही.

"'युद्ध' हा शब्द टाइप करताना वाटायचं, आता हा कागदावरच राहील," त्या म्हणाल्या. "पीटर शाळेत असताना त्याला इथे आणलं होतं मी. म्हटलं, बघ, हे सगळं तुझ्यासाठी केलं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्याच आठवड्यात युद्ध सुरू झालं. एकटीला बघवत नाही म्हणून जोनबाई आमच्याकडे आल्या. टीव्हीवर बगदाद जळत होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही मुलांना आता काय शिकवणार?"



साताऱ्याला परतल्यावर लोकांनी लंडनच्या राजवाड्याबद्दल, थंडीबद्दल विचारलं, मी सांगितलं. पुढे पावसाळ्यात लेकीचा फोन आला. पीटर धडधाकट परतला होता. जोनबाईंनी केक केला, शेजाऱ्यांना बोलावलं. तिथे काय पाहिलंस, असं आजीने विचारल्यावर तो ताटावरून उठला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही.

युद्धात इतकं सोसलेली माणसं पुन्हा युद्ध करणार नाहीत, अशी समजूत घेऊन मी त्या देशात गेले होते. आता ती उरलेली नाही. तिच्या जागी काय ठेवावं, ते मला अजून कळलेलं नाही.