वन्संची पाटी

आज देवापुढे बसले खरी, पण जपात लक्ष कुठलं! डोळे मिटले की दुकानाची पाटीच दिसायची.

आमच्या वन्संना सगळं जग भुरी म्हणतं. केस जन्मापासून मक्याच्या कणसातल्या रेशमासारखे. नवरा गेल्यावर त्या एका इमारतीच्या जिन्याखाली मशीन मांडून पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश शिवू लागल्या. एवढ्या वर्षांनी आता कोपऱ्यापलीकडे स्वतःचं दुकान झालं. जुनं गिऱ्हाईक मागोमाग आलं तर ठीक, नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली काजं-बटणं करणं आलं.

तिथे मी शहाणी कडमडले.

“वन्सं, पाटीवर भुरी नको हं. मांजर भुरं, उन्हानं विटलेला पडदा भुरा. तुमचे केस पिंगट. पिंगल हा संस्कृत शब्द, मी रोज स्तोत्रात म्हणते.”

“मला आजवर कुणी पिंगट म्हटलं नाही, वहिनी.”

“म्हणून तर!”

पाटी लागली: पिंगला टेलर्स. वर मालकीणबाई रुबाबदार दिसायला हवी म्हणून मी स्वतःच्या हातानं त्यांचे केस काळेभोर रंगवले. नाव केसांवरून ठेवायचं आणि केसच झाकायचे, हे माझ्या सुपीक डोक्यात आलंच नाही. उलट देवाला सांगून टाकलं, आता पुढचं तू बघ.

देवानं बघितलं. दुकानात माशा.

काल मी तिथे असतानाच जुन्या गिऱ्हाइकांतली एक बाई दारात आली. वन्संनाच विचारते, “अहो, इथे भुरी शिवणारी कुठे बसते?”

“मीच की!”

“चेष्टा करता होय? तिचं डोकं लांबून ओळखू येतं.”

वन्संचा पारा चढला. “मुलाची पँट तीनदा उसवून घेतलीत, तेव्हा बरी ओळखत होतात!”

“अगं बाई, भुरे! हे काय करून घेतलंस? आम्हाला वाटलं, तू धंदा गुंडाळलास!”

ती गेल्यावर वन्सं म्हणाल्या, “वहिनी, रंगाऱ्याला बोलवा. आणि स्तोत्र घरी ठेवून या.”

माझी बाजू राखायला रात्री शब्दकोश उघडला. भुराही म्हणे संस्कृतातल्या बभ्रूवरून आलेला. गुपचूप मिटून ठेवला.

आज सकाळी पाटीवर ‘भुरी टेलर्स’ आलं. दुपारपर्यंत चार बायका येऊन गेल्या. प्रत्येकीनं आधी पाटी वाचली, मग वन्संचं काळं डोकं पाहिलं. “भुरी कुठाय?”

वन्सं सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, “वहिनींनी काळी केली. थांबा, मुळातून उगवतेय.”

बायका हसून लोटपोट, पण कापड टाकून गेल्या. उद्यापासून हाताखाली कुणीतरी लागणार. काजं-बटणं मी करते म्हणाले.

“जमेल का?” वन्संनी विचारलं. “की आधी बटणाला संस्कृतात काय म्हणतात ते बघणार?”