प्रधान बाई आणि मिठागराचा बांध

प्रधान बाई आज सकाळी गेल्या.

आमच्या गावात ‘पाळी’ हा शब्द मोठ्याने उच्चारणारी पहिली बाई गेली.

नातवाने मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकवलंय, म्हणून लिहितेय. चुका असतील. बाईंनी वाचलं असतं तर प्रत्येक चुकीभोवती लाल गोल केला असता.

साल एकसष्ट असावं. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. पेणच्या खाडीकडचं आमचं गाव, गावाला लागून मिठागरं आणि मिठागरांच्या पलीकडे हायस्कूल. जायला वाट एकच, मिठागराचा बांध.

बाई आदल्या वर्षी शिकवायला आल्या आणि आमच्याच आळीत खोली घेऊन राहिल्या. वय पंचवीस, लग्न झालेलं नाही. ही माहिती गावाने पहिल्याच दिवशी काढून घेतली होती.

नववीत आम्ही मुली पाच.

शनिवारी मुलगे ड्रिलला मैदानात गेले की बाई शिवणाच्या खोलीच्या खिडक्या लावून घ्यायच्या. हेडमास्तरांना वाटायचं, आत काजं-बटणं चाललीत.

आत बाई फळ्यावर गर्भाशय काढायच्या.

आम्ही पाचही जणी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसायचो.

“वर बघा गं! तुमच्याच पोटात आहे ते. मी माझ्या घरून नाही आणलेलं.”

तोंडाने विचारायची लाज वाटते ना? मग चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, असं म्हणून त्यांनी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला होता. कापडाच्या घड्या कशा शिवायच्या, त्या कडक उन्हात का वाळवायच्या, एखादा मुलगा मागे लागला तर ‘नाही’ कसं म्हणायचं, सगळं त्या डब्यातून शिकलो. माझ्या नातीला शाळेत यासाठी वर्कशॉप असतं, प्रोजेक्टर वगैरे.

आम्हाला डबा होता.

मी चिठ्ठी टाकली होती: “त्या दिवसांत बांधावरून गेलं तर मीठ खरंच काळं पडतं का?”

आमच्याकडे तसंच मानायचे. त्यामुळे दर महिन्याला चार दिवस माझी शाळा बंद. आणि मी बोटांवर मोजून पाहिलं होतं, वार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येत होती. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नापास झालीस की शाळा संपली.

बाईंनी चिठ्ठी वाचली. घडी घालून पर्समध्ये ठेवली.

गणिताच्या पेपरची सकाळ. मी पडवीच्या कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसून रडत होते. आई अंगणात सुकट निवडत होती.

बाई छत्री घेऊन दारात उभ्या.

“मंजुळाला न्यायला आलेय.”

“ती बाजूला बसलीय बाय. न्हाय यायाची. मीठ कालं पडतं.”

बाईंनी एकदा आळीत मागे-पुढे पाहिलं.

“माझाही आज दुसराच दिवस आहे. तरी मी बांधावरूनच जाणार. दोन हंगाम झाले, रोज जातेय. एकही दिवस चुकवला नाही. या दोन हंगामांत मीठ काळं निघालं का?”

आईने एक हाक मारली असती तर आळी गोळा झाली असती, आणि बाईंची खोली गेली असती, कदाचित नोकरीही.

आमच्या पडवीतून मिठाच्या राशी दिसायच्या. आईने तिकडे पाहिलं. पांढऱ्याशुभ्र होत्या.

मला वाटलं, आता ही ओरडणार.

आई हळूच म्हणाली, “मंग माजी आय गेली तवा…”

हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आई लग्न होऊन आली त्या वर्षी मीठ काळपट निघालं आणि सगळं खापर तिच्यावर फुटलं. पुढे एकदा बांधापलीकडून, तिच्या माहेरून निरोप आला, आई शेवटच्या घटकेला आहे, ये. आईचा तेव्हा तिसरा दिवस. ती बांधाच्या या टोकाला दिवसभर उभी राहिली. चौथ्या दिवशी न्हाऊन पोचली तेव्हा चिता विझलेली होती.

“मना कुनी सांगितलंच न्हाय बाय,” आई म्हणाली. “कुनीच न्हाय सांगितलं.”

बाई तिथेच मातीत बसल्या आणि आईचे सुकटीने माखलेले हात हातात घेऊन रडल्या.

थोड्या वेळाने आईने पदराने डोळे पुसले. माझ्याकडे वळून म्हणाली, “ऊठ. पेपर हाय न्हवं?”

मी पास झाले. मॅट्रिक झाले. पुढे मीही शिक्षिका झाले आणि जिथे शिकवलं तिथे टेबलावर एक बिस्किटांचा डबा ठेवला.

पण मला जास्त आठवतं ते त्या परीक्षेच्या पुढच्या महिन्यातलं. आई स्वतःच्या दुसऱ्या दिवशी, भरदुपारी, बांधावरून माहेरी जाऊन आली. तिथे आता तिचं कुणीच राहिलं नव्हतं. बंद दाराच्या ओट्यावर बसली आणि परत आली.

“कशाला गेली होतीस?” मी विचारलं.

“आलं जाऊन,” एवढंच म्हणाली.

बाई, तुमच्या पुतण्याचा फोन आला. अकराला नेणार आहेत. रिक्षा दारात उभी आहे.

मी वेळेत पोचतेय.

माझी वाट कुणी अडवलेली नाही. ती तुम्ही मोकळी करून ठेवलीत.

तुमच्या मंजुळाचा शेवटचा नमस्कार.