तारनाक्याचं बंदर

त्या प्रोजेक्टचे नकाशे एका कपाटात मावले, किस्से मात्र अजून मावत नाहीत. चहा संपत आला की कुणीतरी म्हणतंच, "अगं, ते बंदराचं सांग ना!" आणि मग मी सुरू!

तर कोकणातलं एक जुनं बंदर. पडकी गोदामं पाडायची, क्रूझ आणायची, नोकऱ्या आणायच्या, अख्खं शहर नव्यानं उभं करायचं. आणि हे आखणार कोण? हैदराबादेत, तारनाक्याला, दुसऱ्या मजल्यावर बसलेले आम्ही! आमच्या खिडकीतून पाणी दिसायचं ते फक्त शेजारच्या टाकीतून ओघळणारं.

*

मॉडेल करायला आमचे जब्बारभाई. इमारतींत उस्ताद, पण समुद्र पहिल्यांदाच करत होते. आठ दिवस खपून त्यांनी असा निळाशार समुद्र ओतला की बॉस रावसर बघतच राहिले.

जब्बारभाईंनी अदबीनं विचारलं, "समुंदर तो हो गया साब. अब बीच में बुद्ध किधर खडा करना?"

"अरे, वो पुतला अपने हैदराबाद के हुसेनसागर तालाब में है!"

"तो क्या हुआ साब? उनको भी एक दे देंगे!"

*

बॅनरचं मराठी माझ्याकडे. मी लिहिलं, 'जुनं बंदर, नवं बंदर!' आणि नारायणगुड्याच्या प्रिंटरकडे पाठवलं. चित्रं त्यानंच टाकायची होती.

बॅनर उलगडला. डावीकडे एक मरतुकडं माकड. उजवीकडे कोट-टाय घातलेलं गुटगुटीत माकड!

मी फोनवर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, पुराना बंदर, नया बंदर. जैसा लिखे वैसाच डाला!"

*

मग साइट व्हिजिट. सकाळी किनाऱ्यावर ऐसपैस मोकळी जागा दिसली. रावसरांनी उत्साहात खुंट्या ठोकून घेतल्या, लाल झेंडे लावले. "इथे पार्किंग! दोनशे गाड्या!"

जेवून परत आलो, तर भरती. झेंड्यांची फक्त टोकं पाण्यावर डुलत होती.

रावसरांनी नकाशा उघडला. मग म्हणाले, "गाड्या खोडा. होड्या लिहा."

*

लोकांशी बोलायला अर्थात मी. आमची चौथी पिढी हैदराबादच्या विद्यानगरात, घरात अस्सल मराठी! मी माइक घेतला. "काकी, परेशान नका होऊ, नवीन मासळीबाजाराचा बंदोबस्त बराबर होतो की! टेन्शन नक्को!"

पुढे बसलेल्या एक कोळीणकाकी कौतुकानं म्हणाल्या, "छान बोलतेस गो मराठी. कधी शिकलीस?"

शेजारी बसलेली आमच्या ऑफिसातली पुण्याची शलाका कुजबुजली, "मी दोन वर्षं हेच विचारणार होते!"

*

आणि मग शेवटचं प्रेझेंटेशन, बंदराच्याच गावात. मंजुरी देणारे मोठे साहेब आलेले, एसी गारठवणारा, मधोमध मॉडेल. त्याच कोळीणकाकी माशांची पाटी घेऊन पुढे आल्या. मॉडेलभोवती एक फेरी मारली.

"यात आमचा बाजार कुठे?"

रावसरांनी शहराबाहेरची एक इमारत दाखवली. "तिसरा मजला. फुल एसी!"

"आणि धक्क्यावर काय?"

"कन्व्हेन्शन सेंटर."

काकींनी पाटीतून एक ताजा बांगडा काढला आणि धक्क्यावर, बरोबर कन्व्हेन्शन सेंटरवर, आडवा ठेवला. काचेची इमारत कर्रकन चेपली.

"एवढी जागा लागते आम्हाला," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

रावसरांचा चेहरा पांढराफटक; दोन वर्षांचं काम त्या माशाखाली होतं. मोठे साहेब बांगड्यावर वाकले.

"स्केल काय आहे?"

जब्बारभाईंनी पट्टी लावली. "पूंछ के साथ सव्वासौ मीटर, साब."

साहेबांनी विचार केला. "पूंछ भी लो."

जब्बारभाईंनी पेन्सिल काढली आणि बांगड्याभोवती सावकाश रेघ मारली.

बाजार आता धक्क्यावरच होतोय. मंजूर नकाशात त्याला शेपूट आहे.