पुरीला निघालो, नवापूरला पोहोचलो

डिंडोलीतून गाडी बाहेर काढली तेव्हा शेजारच्या आशाताईंनी बॉनेटवर कुंकू लावलं, कुणीतरी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मी पुढाऱ्यासारखा हात हलवला. सूरतहून जगन्नाथपुरी, पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत, स्वतःच्या गाडीने आणि अगदी सावकाश! इच्छापोरच्या कारखान्यातून निवृत्त झालो, जुनी गाडी घेतली, क्लास लावून चालवायला शिकलो, आणि मग रोज संध्याकाळी मोबाईलवर नकाशा उघडून बायकोला मुक्काम ऐकवू लागलो. पहिला मुक्काम नवापूरला, माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे. मग धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर.

"घाई कुठेच नाही. आवडेल तिथे थांबायचं," मी म्हणायचो.

"अहो, आधी एकदा हायवेवर चालवून तर बघा," सुनंदा म्हणायची. मी ते हसण्यावारी न्यायचो. माझा सगळा सराव रविवारच्या रिकाम्या रस्त्यांवरचा.

चलथाणपर्यंत मजेत गेलो. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. मळीचा आंबूस-गोड वास, उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग. सुनंदाने काच खाली करून फोटो काढले. पुढे कडोदऱ्याचा चौक आला. चारी बाजूंनी ट्रक. मागून एका ट्रेलरने हॉर्न दिला आणि माझा पाय क्लचवरून सुटला. गाडी बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद. एक ट्रकवाला खिडकीतून काहीतरी ओरडून गेला. कशीबशी वळवून मी गाडी परत चलथाणला आणली आणि रसाच्या एका दुकानापाशी उभी केली. हात स्टिअरिंगवरून निघेनात. शर्ट पाठीला चिकटला होता.

"रस घ्या," सुनंदा म्हणाली.

तेवढ्यात अक्काचा फोन आला. "भाऊ, कथा पोचनात?" (कुठे पोहोचलात?)

"व्यारा ओलांडलं. आलोच अर्ध्या तासात."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी रसाच्या ग्लासात पाहत राहिलो. थोडा दम खाल्ला की जाऊच, असं मला खरंच वाटत होतं. दोनदा किल्ली फिरवली, दोनदा उतरलो. अक्काचा पुन्हा फोन आला, मी पंक्चर सांगितलं. त्यानंतर आला तेव्हा म्हणालो, "झालंच, निघालोय." एकातून दुसरं खोटं किती सहज निघत होतं! ऊन माथ्यावरून कललं तेव्हा सुनंदाने मागच्या सीटवरची पिशवी काढली.

"गाडी राहू दे इथेच. एसटीने जाऊ. तिकडे त्या वाट बघतायत."

रसवाला गुजरातीत म्हणाला, "गाडी अहीं मूकी दो, काका. चिंता ना करो." (गाडी इथेच ठेवा, काळजी करू नका.) त्याने सगळे फोन ऐकले होते. त्याच्या नजरेला नजर न देता मी निघालो.

बसमध्ये उभं राहण्यापुरती जागा होती. व्याऱ्यानंतर टेकड्या सुरू झाल्या, सोनगढचा किल्ला दिसला, रस्त्याकडेला सागाची वाळकी पानं पडली होती. ज्या वाटेची मी वर्षभर स्वप्नं पाहिली, ती दांडीला लोंबकळत, कुणाच्या तरी खांद्यावरून पाहिली. आता अक्काला खरं कळवावं, असं मनात येत होतं. कळवलं नाही.

नवापूरला अक्काच्या दारासमोर सडा घातलेला होता, गाडीसाठी जागा मोकळी केली होती. दारात बायका जमलेल्या. मला वाटलं, गाडी बघायला आल्या असतील.

शेजारीण माझ्यावर धावलीच. "कथा व्हतात तुम्ही? सकाळपासून पोटात अन्न नाही हिच्या. शुगरची गोळी घेतली आणि बसली, भाऊ आला की बरोबर जेवेन म्हणे. घेरी येऊन पडली चुलीपाशी!"

अक्का खाटेवर पडली होती. चेहरा पांढरा, केस घामाने चिकटलेले. कुणीतरी साखरेचं पाणी पाजत होतं. चुलीजवळ मांड्यांची (खापरावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळ्यांची) चळत झाकून ठेवलेली. सुनंदा धावत जाऊन तिचे तळवे चोळू लागली. मी चपला पायात तशाच ठेवून उंबऱ्यात उभा.

डॉक्टर येऊन गेले. बऱ्याच वेळाने अक्का उठून बसली. "गाडी?" तिने विचारलं.

"चलथाणला आहे. पंक्चर नव्हतं झालं, अक्का. मला भीती वाटली. फोन केलास तेव्हा मी तिथेच होतो."

"खोटं काब्रं बोलना, भाऊ?" (खोटं का बोललास?) तिचा आवाज अगदी बारीक होता. "सांगतास तर चार घास खाऊन घेतले असते मी. भीती काय, कुणालाही वाटते."

तिने पदराने तोंड पुसलं आणि सुनंदाला पानं घ्यायला सांगितली. मांडे मऊ होते, गोड होते. अक्का आग्रह करत होती, म्हणून खात राहिलो.

दुसऱ्या दिवशी परतलो. चलथाणहून आतल्या रस्त्याने हळूहळू गाडी घरी आणली. आशाताई धावत आल्या, "एवढ्यात पुरी?" मी सांगितलं, "कडोदऱ्याला घाबरलो. पुढे एसटीने गेलो. बहिणीला उपाशी ठेवलं."

पुरीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघालेला नाही. आता रोज दुपारी मी अक्काला फोन करतो, "जेवलीस का?" म्हणून विचारतो. ती लगेच "हो" म्हणते. ते खरं असतं, की माझं मन राखायला ती तसं म्हणते, हे विचारायची सोय मी माझ्या हाताने घालवून बसलो आहे.