उघड्या कपाटापुढं माणिकप्पा

घराबाहेर पडताना माणिकप्पा रोज अंगणातल्या लोखंडी फाटकाला हाताची मागची बाजू टेकवून क्षणभर थांबत. मगच स्कूटरला किल्ली लावत. थंडीत हवा कोरडी पडली की अंगात वीज साचते, ती आधी लोखंडात सोडायची, असं ते सांगत. आपल्याला चटका कळतही नाही, पण तेवढ्यानं कार्डाचा जीव जातो.

कार्ड म्हणजे मोबाइल टॉवरखालच्या कपाटात सरकवायची यंत्राची पाटी. गावात फोन वाढले की नवं कार्ड घालायचं, बिघडलेलं काढायचं. मुरुम आणि आसपासच्या गावांत माणिकप्पांनी बावीस वर्षं हेच काम केलं. बावीस वर्षं ते भीतही होते. घड्याळ, अंगठी, किल्ल्या, सगळं कपाटाचं दार उघडण्याआधीच स्कूटरच्या डिकीत गेलेलं असे.

"विंचू दिसला तर चपलेनं मारतेत, अन् पत्र्याच्या कपाटाला भेतेत," त्यांची बायको गौराबाई शेजारणींसमोर म्हणायच्या.

"विंचू नांगी वर करून दावतो तरी," माणिकप्पा म्हणत. "हे गप बसतंय."

त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बलभीमच्या हातात स्टीलचं कडं होतं. ते एकदा कपाटातल्या दोन तांब्याच्या पट्ट्यांना एकदम टेकलं. बलभीमची तीन बोटं अजून वळत नाहीत. तेव्हा माणिकप्पा शेजारीच उभे होते. जळल्या कातड्याचा वास त्यांना पुढं कितीतरी वर्षं जेवताना अचानक यायचा, आणि ते ताट सारून उठायचे.

एकच वस्तू ते काढून ठेवत नसत. गळ्यातलं लिंग. पाळण्यात असताना स्वामींनी बांधलेलं, चांदीच्या डबीतलं. ते अंगावेगळं झालं की माणूस गेलाच, असं मानणाऱ्या लिंगायत घरात ते वाढले होते. कामाच्या वेळी ते डबीवर कापड गुंडाळत आणि दोरा फिरवून ती पाठीवर, बनियनच्या आत घेत.

मागच्या वर्षी धाराशिवहून शुभांगी नावाची इंजिनिअर देखरेखीला आली. वाकताना तो दोरा हळूहळू पुढं सरकतो, हे तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं.

"काका, गळ्यातलं काढून ठेवा. नाहीतर मी दार उघडू देणार नाही."

"हे काढल्यावर दार उघडायला कोण ऱ्हायलं, म्याडम?"

"मी थट्टा करत नाहीये."

"म्या बी न्हाय."

आठ दिवस ते नीट झोपले नाहीत. इकडं चांदीची भीती, तिकडं लिंगाची. शेवटी मठात जाऊन विचारून आले. लिंग अंगावर पाहिजे. चांदीची डबी पाहिजेच असं काही नाही. कापडात बांधून डोक्यावर घेतलं तरी चालतं. लिंग दगडाचं, त्यातून वीज जात नाही. हे ऐकून शुभांगीनंही मान हलवली. त्या दिवशी माणिकप्पा दोन भाकरी जास्त जेवले, असं गौराबाई सांगतात.

त्यानंतर पहिल्यांदाच, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी, मुरुमबाहेरच्या माळावर नवं कार्ड घालायचं होतं. शुभांगीनं धाराशिवच्या ऑफिसकडं कपाटाची बॅटरी बंद करायची परवानगी मागितली. उत्तर आलं, चौदा गावांचे फोन दिवसा बंद ठेवता येणार नाहीत, काम चालू विजेवरच करा.

"परत जाऊ, काका. रात्रीची परवानगी काढते."

"रातीला मला अजून भ्या वाटतं," माणिकप्पा म्हणाले. "उजेडातच उरकू."

मग भिंतीकडं तोंड करून त्यांनी डबी उघडली. लिंग डोळ्यांना लावलं, पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधून डोक्यावर घेतलं, वरून हेल्मेट चढवलं. हातात रिकामी डबी उरली. ती जमिनीवर ठेवता येत नव्हती. डिकीत पक्कड आणि जुन्या चपलांशेजारी टाकवेना. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली. ज्याची एवढी काळजी होती ते आता डोक्यावर सुखरूप होतं. खिशातल्या चांदीला त्यांच्या लेखी काही वजन उरलं नव्हतं.

"मी गळा बघितला," शुभांगी सांगते. "मोकळा होता. खिसा बघितला नाही."

नव्या कार्डाची खोबण कपाटात अगदी खाली होती. त्यांनी तिच्यावरचं पत्र्याचं झाकण काढलं. आत तांब्याच्या पट्ट्या होत्या. ते आणखी वाकले. डबी खिशातून निसटली, पट्ट्यांवर आडवी पडली आणि कपाटातून पांढरा जाळ बाहेर आला.

त्यानंतर सोलापूरच्या दवाखान्यात ते चार दिवस होते. जाळ घशात गेला होता. बोलता येत नव्हतं. डोक्यावरचं फडकं मात्र कुठंही करपलं नव्हतं. पुरताना लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

तेराव्या दिवशी शुभांगी घरी आली. गौराबाईंनी तिच्यापुढं चहाचा कप ठेवला.

"लई भ्याले होते का गं?"

"हो. पण काम नीट करत होते."

"काय बोलले?"

शुभांगीला आठवावं लागलं नाही. झाकणाचे चार स्क्रू काढून त्यांनी एकेक करून तिच्या तळहातावर ठेवले होते. चौथा जरा घरंगळला, तसं ते वाकल्या वाकल्या, मान न वळवता म्हणाले होते, "नीट धर बाई तेवढा. आत पडला तर पुन्यांदा घावायचा न्हाय."